वेगवान कंपॅरेटरचा वीजखर्च : एका लेखाचे परीक्षण

इलेक्ट्रॉनिक अभियंत्यांच्या ‘आयईईई सॉलिड-स्टेट सर्किट्स मॅगझिन’ या त्रैमासिकाच्या २०१५ च्या वसंत अंकात बेहझाद रझावी यांचा ‘द स्ट्राँगआर्म लॅच’ हा लेख प्रसिद्ध झाला. रझावी हे लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक. त्यांची पाठ्यपुस्तके आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांतही वापरली जातात. एका वेळी एकच परिपथ घ्यायचा आणि तो मुळापासून उलगडून दाखवायचा, असा त्यांच्या त्या सदराचा रिवाज होता. लेख लहान आहे, पण वेगवान कंपॅरेटरविषयी नंतर झालेल्या लेखनात त्याचा उल्लेख वारंवार सापडतो.

शिक्षकांच्या मासिकात अशा लेखाचे परीक्षण कशासाठी, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. ‘लो पॉवर’ हे शब्द आता शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातल्या तक्त्यांवरही दिसू लागले आहेत, आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत तर कंपॅरेटरची वीज वाचवणे हा एक ठरलेला विषय होऊन बसला आहे. वीज वाचवली म्हणजे नेमके काय केले, कशाच्या बदल्यात केले, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्याला कोठे लागते? रझावींचा लेख या दृष्टीने वाचला, तर तो काय शिकवतो आणि कोठे वाचकाला मोकळे सोडतो, हे पाहण्यासारखे आहे.

कंपॅरेटर म्हणजे विजेचा तराजू. दोन व्होल्टेज त्याला द्यावीत, कोणते मोठे ते त्याने सांगावे. उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’, म्हणजे १ किंवा ०. अंधार पडल्यावर आपोआप लागणारा रस्त्यावरचा दिवा मुले बनवतात, त्यात प्रकाशानुसार रोध बदलणाऱ्या एलडीआरचे व्होल्टेज एका ठरावीक व्होल्टेजशी ताडून पाहणारी जी आयसी असते, ती हेच काम करते. मोबाइल फोनमध्ये आवाजाचे अंकांत रूपांतर होते, संगणकाच्या स्मृतीतून एकेक बिट वाचला जातो, तेथेही कोणी तरी तुलनाच करत असते. फरक इतकाच, की दिव्याच्या परिपथात दिवसातून दोनदा निर्णय घ्यायचा असतो आणि या ठिकाणी सेकंदाला कोट्यवधी वेळा.

रझावींच्या लेखाचे मोठे बळ म्हणजे परिपथ चालतो कसा याचे क्रमवार वर्णन. ते आम्ही आमच्या भाषेत मांडतो. काठोकाठ भरलेल्या दोन घागरी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, आणि प्रत्येकीला तळाशी एक तोटी आहे, अशी कल्पना करा. घागरी म्हणजे ट्रान्झिस्टरांच्या जोडबिंदूंवरची धारकता, पाणी म्हणजे विद्युतभार, आणि तोट्या म्हणजे ज्यांना आपण दोन व्होल्टेज देतो ते दोन ट्रान्झिस्टर. क्लॉकचा ठोका पडला की दोन्ही तोट्या एकदम उघडतात. ज्या बाजूचे व्होल्टेज किंचित जास्त, तिची तोटी किंचित जास्त उघडी, म्हणून ती घागर किंचित लवकर रिकामी होते. आता दोन्ही बाजू एकमेकींना अशा जोडलेल्या आहेत, की एकीची पातळी खाली गेली की दुसरीची गळती कमी व्हावी. मागे पडलेली आणखी मागे पडते, पुढे असलेली आणखी पुढे जाते. शेवटी एक पार रिकामी होते, दुसरी पुन्हा काठोकाठ भरते, आणि मग कोठूनही थेंबभर पाणी वाहत नाही. ठोका संपला की दोन्ही घागरी पुन्हा भरायच्या आणि पुढच्या निर्णयाची वाट पाहायची.

एकमेकींना ढकलण्याच्या या क्रियेला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतात. तिच्यामुळे वेग आणि बचत दोन्ही कसे साधतात, हे समजावण्यासाठी आम्हाला सातवी-आठवीचे गणित सर्वांत सोयीचे वाटते. साधा वर्धक फरक वाढवतो तो सरळव्याजाने. लॅच वाढवतो तो चक्रवाढ व्याजाने. हा नुसता अलंकार नाही, गणित खरोखरच तसे आहे. धारकतेला ट्रान्झिस्टरच्या वाहकतेने भागले की एक काळ मिळतो. त्याला परिपथाचा काळ-स्थिरांक म्हणू. १ मिलिव्होल्टचा फरक १ व्होल्टपर्यंत, म्हणजे हजारपट वाढवायचा आहे. सरळव्याजाने त्याला हजार काळ-स्थिरांक लागतील. क्षणोक्षणी आकारल्या जाणाऱ्या चक्रवाढ व्याजाने १००० चा नैसर्गिक लॉगॅरिथम, म्हणजे सुमारे ६.९ काळ-स्थिरांक पुरतात. काळ-स्थिरांक १० पिकोसेकंदांचा धरला तर एकीकडे १० नॅनोसेकंद आणि दुसरीकडे ६९ पिकोसेकंद. वर्धकाचे अनेक टप्पे एकामागे एक लावून सरळव्याजवाल्याची गती वाढवता येते हे खरे, पण मग प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र वीज द्यावी लागते.

याच हिशोबात एक धोकाही आहे. फरक मुळात १ मायक्रोव्होल्टचाच असेल तर त्याला दशलक्षपट वाढावे लागेल, आणि वेळ लागेल १३.८ काळ-स्थिरांक. हजारपट बारीक फरकासाठी फक्त दुप्पट वेळ, हे कौतुकाचेच. परंतु फरक शून्याच्या जितका जवळ, तितका हा वेळ वाढतच जातो. त्याला वरची मर्यादा नाही. क्लॉकने ठरवून दिलेल्या वेळात निर्णय झालाच नाही, तर पुढच्या परिपथाला धड ० नाही, धड १ नाही असे काही तरी मिळते. टोकावर उभी केलेली पेन्सिल कोणत्या बाजूला पडणार हे ठरलेले नसते, आणि केव्हा पडणार हेही ठरलेले नसते. विद्यार्थ्यांना हे ऐकून नवल वाटते. ते वाटू द्यावे.

लेखाच्या आरंभीच रझावी या परिपथाच्या लोकप्रियतेची तीन कारणे देतात. तो स्थिर अवस्थेत वीज खात नाही. त्याचे उत्तर थेट पुरवठ्याच्या पूर्ण व्होल्टेजइतके किंवा शून्य येते. आणि त्यातली चूक, म्हणजे ऑफसेट, मुख्यतः ट्रान्झिस्टरांच्या एकाच जोडीतून येते. लगोलग ते नावाचाही खुलासा करतात. ‘स्ट्राँगआर्म’ हे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीच्या प्रोसेसरचे नाव, पण मूळ रचना तोशिबातील कोबायाशी आणि सहकाऱ्यांची. त्यांचा निबंध १९९३ चा, आणि त्याच्या शीर्षकातच कमी वीज वापरणाऱ्या रचनेचा उल्लेख आहे. परिपथ जपानी, नाव अमेरिकन. नावे अशीच चिकटतात. खुलासा करून ठेवला हे लेखकाचे सौजन्य.

आमचा आक्षेप पहिल्या कारणाच्या मांडणीला आहे. ‘स्थिर अवस्थेत वीज शून्य’ हे विधान लेखकाने काटेकोर शब्दांत केले आहे आणि ते ज्या अर्थी केले त्या अर्थी बरोबर आहे. पण यादीत पहिल्या क्रमांकावर आल्यामुळे वाचकाच्या मनात राहतो तो ‘शून्य’ हा शब्द, आणि ‘स्थिर’ गळून पडतो. वाचणारा तज्ज्ञ असेल तर बिघडत नाही. विद्यार्थी असेल तर बिघडते. शिवाय आजच्या अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टरांत बंद केलेली तोटीही थोडी ठिबकतेच. तेव्हा तंतोतंत शून्य ही आता आदर्श कल्पनाच आहे.

खरा खर्च घागरी पुन्हा भरण्याचा. बारावीच्या पदार्थविज्ञानात धारित्रात साठणारी ऊर्जा शिकवतात: धारकता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, त्याच्या निम्मी. पुरवठ्यातून मात्र पूर्ण घेतली जाते. निम्मी भरतानाच रोधात उष्णता होऊन जाते, उरलेली निम्मी रिकामी करताना. गंमत अशी, की भरण्याच्या वाटेतला रोध लहान असो वा मोठा, ही निम्मी जातेच. लहान रोधाने धारित्र लवकर भरते, मोठ्याने उशिरा, हानी तीच. पाठ्यपुस्तकातला हा भाग पुष्कळ वर्गांत सूत्र लिहून उरकला जातो. आमच्या मते वेगवान परिपथांच्या वीजखर्चाचे मर्म येथेच आहे.

त्यातून एक गोष्ट निघते, जी रझावींच्या लेखात सूत्रांतून दिसते पण शब्दांत ठळक होत नाही. ‘वेगवान’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एका निर्णयाला किती कमी वेळ लागतो हा एक. सेकंदाला किती निर्णय घेतले हा दुसरा. या जातीच्या परिपथात खर्च दुसऱ्याला बांधलेला आहे, पहिल्याला थेट नाही. समजा, एका निर्णयात एकूण २० फेम्टोफॅरड धारकता १ व्होल्टपर्यंत भरावी लागते (फेम्टो म्हणजे १० चा उणे १५ वा घात). खर्च २० फेम्टोज्यूल. सेकंदाला शंभर कोटी निर्णय घेतले तर २० मायक्रोवॅट, दहा लाख घेतले तर ०.०२ मायक्रोवॅट, निर्णयाला लागणारा वेळ दोन्हीकडे तोच. ‘आमचा परिपथ इतके मायक्रोवॅट खातो’ असे कोणी क्लॉकचा वेग न सांगता म्हणाले, तर ते महिन्याचे की वर्षाचे हे न सांगता वीजबिलाची रक्कम सांगण्यासारखे आहे.

ज्या प्रोसेसरने या परिपथाला नाव दिले, त्याच्या कर्त्यांनी हा हिशोब कसा मांडला होता ते पाहण्यासारखे आहे. माँटनारो आणि सहकाऱ्यांचा निबंध १९९६ मध्ये ‘जर्नल ऑफ सॉलिड-स्टेट सर्किट्स’ मध्ये आला. त्याच कंपनीचा अल्फा २१०६४ हा आधीचा प्रोसेसर ३.४५ व्होल्ट आणि २०० मेगाहर्ट्झवर २६ वॅट खात होता. नवा स्ट्राँगआर्म १६० मेगाहर्ट्झवर अर्ध्या वॅटच्या घरात आला. निबंधात एक छोटा तक्ता आहे, आणि आमच्या मते संपूर्ण निबंधाचे मोल त्या तक्त्यात आहे. व्होल्टेज ३.४५ वरून १.५ वर आणल्याने खर्च ५.३ पट कमी. कामेच कमी केल्याने ३ पट. चिप बनवण्याची प्रक्रिया सूक्ष्म केल्याने २ पट. क्लॉकवरचा भार हलका केल्याने १.३ पट. क्लॉकचा वेग उतरवल्याने १.२५ पट. २६ ला या आकड्यांनी क्रमाने भागत जा: ४.९, १.६, ०.८, ०.६ आणि ०.५ वॅट. ५.३ कोठून आले हेही विद्यार्थी स्वतः काढू शकतो, ३.४५ भागिले १.५ याचा वर्ग. पुढे १९९७ मध्ये ॲपल कंपनीचा न्यूटन मेसेजपॅड २००० हा हातात मावणारा संगणक हाच प्रोसेसर घेऊन ‘डबल ए’ आकाराच्या चार सेलवर चालत होता.

या तक्त्याचा प्रामाणिकपणा आम्हाला फार भावतो. बचतीचा सर्वांत मोठा वाटा अभियंत्यांच्या चतुर परिपथाचा नसून व्होल्टेज उतरवण्याचा आहे, त्या खालोखाल वाटा प्रोसेसरकडून कमी काम मागण्याचा आहे, आणि थोडासा तर नुसते हळू चालवण्याचा आहे, हे त्यांनी लपवले नाही. ज्या लॅचचे नाव आज सर्वत्र घेतले जाते, त्याच्या खात्यावर मोठी रक्कम पडलेली दिसत नाही.

ही फूटपट्टी हातात घेऊन नंतरचे लेखन तपासले तर चित्र संमिश्र आहे. २००७ मध्ये नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या शिंकेल आणि सहकाऱ्यांनी ‘डबल-टेल’ रचना मांडली. तिच्यात फरक पकडणारा भाग आणि तो चक्रवाढीने वाढवणारा भाग वेगळे केले. त्यामुळे पुरवठ्याचे व्होल्टेज कमी असतानाही वेग टिकतो. २०१४ मध्ये बाबायी-माशादी आणि लोत्फी यांनी तिच्यात आणखी सुधारणा सुचवली. हा निबंध आपल्याकडील विद्यार्थ्यांचा आवडता आहे. त्याच्या सारांशातले आकडे असे: ०.१८ मायक्रॉन तंत्रज्ञान, १.२ व्होल्टला २.५ गिगाहर्ट्झपर्यंत वेग आणि १.४ मिलिवॅट खर्च, ०.६ व्होल्टला १.१ गिगाहर्ट्झ आणि १५३ मायक्रोवॅट. हे आकडे संगणकावरच्या अनुकरणातून आलेले आहेत आणि लेखकांनी तसे स्वच्छ सांगितले आहे.

वरवर पाहता खर्च नऊपट उतरला. आता प्रत्येक निर्णयाचा खर्च काढू. १.४ मिलिवॅटला २.५ गिगाहर्ट्झने भागले की ०.५६ पिकोज्यूल, १५३ मायक्रोवॅटला १.१ गिगाहर्ट्झने भागले की सुमारे ०.१४ पिकोज्यूल. म्हणजे चौपट बचत. नऊपटीतली उरलेली सव्वादोन पट निव्वळ हळू चालवल्याची. आणि ही चौपट तरी कशाची? व्होल्टेज निम्मे केले, त्याचा वर्ग चार. परिपथ तोच आहे. बोलतो आहे तो व्होल्टेजचा वर्ग. बारावीचा विद्यार्थी पाच मिनिटांत करील असा हा भागाकार आहे, आणि संशोधनपर निबंध कसा वाचावा याचा याहून सोपा धडा आम्हाला ठाऊक नाही. मूळ लेखकांचा यात दोष नाही. त्यांनी दोन्ही वेग आणि दोन्ही खर्च दिलेले आहेत. दोष आहे तो या निबंधाच्या धर्तीवर निघालेल्या असंख्य नकलांचा. एक ट्रान्झिस्टर इकडचा तिकडे करायचा, अनुकरण चालवायचे, ‘वीज अमुक टक्के वाचली’ म्हणून जाहीर करायचे. त्यात क्लॉक सारखा होता का, व्होल्टेज सारखे होते का, आणि परिपथाची नजर तितकीच तीक्ष्ण राहिली का, याचा पत्ता नसतो.

तीक्ष्ण नजर ही कळीची गोष्ट आहे. उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सतत अस्वस्थ असतात, आणि प्रत्येक धारित्रावरचे व्होल्टेज त्यामुळे थरथरत असते. रेडिओत स्टेशन नसताना ऐकू येणारी खरखर काहीशी याच जातीची. ही थरथर किती, ते तापमान आणि धारकता यांवरून ठरते. २७ अंश सेल्सिअसला १० फेम्टोफॅरडवर सुमारे ०.६४ मिलिव्होल्ट, ४० फेम्टोफॅरडवर ०.३२. धारकता चौपट करावी तेव्हा थरथर निम्मी होते. कंपॅरेटरसाठी नेमके सूत्र थोडे निराळे येते, पण कल हाच. आता घागर चौपट मोठी म्हणजे भरण्याचा खर्चही चौपट. ऑफसेटचीही गोष्ट तशीच. एकाच मापाचे म्हणून बनवलेले दोन ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे निघत नाहीत. त्यांच्यातला फरक निम्मा करायचा तर क्षेत्रफळ चौपट करावे लागते, हे पेलग्रोम आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले. वरच्या २०१४ च्या निबंधात ऑफसेटचे प्रमाण विचलन १.२ व्होल्टला ७.८ मिलिव्होल्ट दिले आहे. १ व्होल्टचे १०२४ भाग करू पाहणाऱ्या परिपथात एक भाग जेमतेम १ मिलिव्होल्टचा असतो. तेव्हा घागरी लहान करून ‘वीज वाचवणे’ यापेक्षा सोपे काही नाही. तराजूचा काटा बोथट केला की तराजू स्वस्त होतोच.

रझावी यांच्या लेखात खरखर आणि ऑफसेट या दोहोंची चर्चा आहे. पण ती खर्चाच्या चर्चेशेजारी, एकाच हिशोबात बसवलेली आम्हाला हवी होती. वीज, वेग आणि अचूकता ही एकाच चादरीची तीन टोके आहेत. एक ओढले की दुसरे उघडे पडते. लेख वाचताना प्रत्येक टोक स्वतंत्रपणे नीट दिसते, चादर दिसत नाही. तज्ज्ञ वाचक ती मनातल्या मनात जोडून घेतो. आमचा वाचक कोण, हे आम्हाला विसरता येत नाही.

ही चादर स्पष्ट दाखवणारा एक निबंध २०१८ चा आहे, पुन्हा ट्वेंटे विद्यापीठाचाच. लेखक बिंद्रा आणि सहकारी. कल्पना आमच्या घागरींच्या भाषेत सांगता येते. दोन भागांच्या रचनेत पहिल्या भागातल्या घागरी निर्णय होऊन गेल्यावरही तळापर्यंत गळत राहतात. काम झाले, पाणी मात्र वाया गेले, आणि पुढच्या ठोक्याला पुन्हा काठोकाठ भरायचे आहेच. या मंडळींनी तोट्यांखाली मातीऐवजी एक लहान बादली ठेवली, म्हणजे एक धारित्र. बादली भरत आली की गळती आपोआप थांबते. घागरी अर्धवटच रिकाम्या होतात. कल्पना सुंदर आहे, पण त्याहून कौतुकाची आहे ती तुलना करण्याची पद्धत. जुना आणि नवा असे दोन्ही परिपथ त्यांनी एकाच चिपवर प्रत्यक्ष बनवले, मोजले, आणि सांगितले की खरखर सारखीच असताना, आणि दोन्ही आदानांची सरासरी पातळी पुरवठ्याच्या निम्मी असताना, सरासरी खर्च सुमारे अडीच पट कमी झाला. ‘असताना’ हा शब्द दोनदा आला आहे. टक्केवारीच्या जाहिरातींत तो एकदाही सापडत नाही.

आणखी एक गोष्ट रझावींच्या लेखाच्या चौकटीबाहेरची आहे, म्हणून तिच्यासाठी त्यांना बोल लावणार नाही. एका कंपॅरेटरचा खर्च कमी करण्याआधी किती कंपॅरेटर लागतात हे विचारले पाहिजे. व्होल्टेजचे अंकांत रूपांतर करण्याची सर्वांत वेगवान रीत म्हणजे सर्व पातळ्यांशी एकदम तुलना. ६ बिटांना ६३ कंपॅरेटर, ८ बिटांना २५५, १० बिटांना १०२३. दुसरी रीत वाण्याच्या दुकानातली. आधी मोठे वजन टाकून पाहायचे, मग त्याच्या निम्मे, मग त्याच्या निम्मे. एकच तराजू, १० बिटांना १० तुलना. वेळ जास्त लागतो, पण १०२३ च्या जागी १०. ट्वेंटेच्याच व्हॅन एल्झॅकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या रीतीचा १० बिटांचा रूपांतरक मांडला. सेकंदाला दहा लाख रूपांतरे करताना तो १.९ मायक्रोवॅट खात होता. माँटनारोंच्या तक्त्यातली ‘कामेच कमी करा’ ही ओळ येथे निराळ्या रूपात भेटते. या रीतीचा आणखी एक लाभ असा, की तराजू एकच असल्यामुळे त्याच्या ऑफसेटने सर्व मापे सारखीच सरकतात. २५५ तराजूंत प्रत्येकाची चूक वेगळी, म्हणून तेथे अचूकतेसाठी जास्त खर्च करावा लागतो. शरीरात बसवायच्या उपकरणांत सेल बदलण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागते. तेथे सेकंदाला फार निर्णय नको असतात, पण एकेका मायक्रोवॅटचा हिशोब असतो, आणि तेथे वाण्याची रीतच जिंकते.

शाळेच्या प्रयोगशाळेत पिकोसेकंद मोजता येत नाहीत. पण प्रदर्शनातल्या त्याच दिव्याच्या परिपथावर हा सगळा वाद उभा करता येतो. एलएम ३३९ या जुन्या आयसीत चार कंपॅरेटर असतात आणि चौघे मिळून सुमारे ०.८ मिलिॲम्पिअर धारा घेतात. ५ व्होल्टला ४ मिलिवॅट. फरक ५ मिलिव्होल्टनेच जास्त असेल तर तिला निर्णयाला १.३ मायक्रोसेकंद लागतात. एलएम ३११ हेच काम सुमारे ०.२ मायक्रोसेकंदात करते, पण अधिक-उणे १५ व्होल्टच्या पुरवठ्यावर तिचा खर्च १४० मिलिवॅटच्या आसपास जातो, आणि तीत कंपॅरेटर एकच. या दोन्ही आयसी क्लॉकवर चालत नाहीत; निर्णय असो वा नसो, धारा वाहतच असते. घागरींच्या परिपथाशी त्यांची तुलना करताना हे विसरू नये.

एलएम ३३९ चे निर्गम-टोक फक्त खाली ओढू शकते, वर नेण्यासाठी बाहेरून एक रोध लावावा लागतो. प्रकल्पांच्या आकृत्यांत तो कधी १ किलोओहम असतो, कधी १० किलोओहम, आणि का ते कोणी लिहीत नाही. ५ व्होल्टवर, टोक खाली असताना, १ किलोओहममधून ५ मिलिॲम्पिअर वाहते. २५ मिलिवॅट, म्हणजे आख्ख्या आयसीच्या सहापट! १० किलोओहम लावला तर अडीच मिलिवॅट. तारांची धारकता २० पिकोफॅरड धरली तर टोक वर जाण्याचा काळ-स्थिरांक पहिल्या रोधाने २० नॅनोसेकंद, दुसऱ्याने २००. आयसीला स्वतःलाच १.३ मायक्रोसेकंद लागत असताना २० नॅनोसेकंदांसाठी दहापट वीज कशाला मोजायची? उलट १०० किलोओहम लावला तर काळ-स्थिरांक २ मायक्रोसेकंद होतो, आणि आता उशीर आयसीमुळे नसून रोधामुळे होतो. रस्त्यावरच्या दिव्याला त्याचे काहीच वाटणार नाही. तेथे १०० किलोओहमच योग्य. मात्र त्याच परिपथात एलडीआरसोबतचा दुसरा रोध १ किलोओहमचा असेल, तर भर उन्हात एलडीआरचा रोध उतरल्यावर त्या फांदीतून कित्येक मिलिॲम्पिअर धारा दिवसभर वाहत राहते, आणि कंपॅरेटरची सारी बचत तेथे धुऊन जाते. मल्टिमीटर लावून मुलांना हे तिन्ही प्रवाह स्वतंत्र मोजू द्यावेत आणि माँटनारोंसारखा पाच ओळींचा तक्ता करायला सांगावा.